राजाने टाकलेलं घर

लूव्र, म्हणजे पॅरिसमधलं राजवाड्यात भरलेलं म्युझियम, बघून आलं की नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे एकच विचारतात, मोनालिसा बघितली का? हो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, केवढी आहे? तर ७७ बाय ५३ सेंटिमीटर. मध्ये कठडा, जाड काच आणि मोबाईल उंच धरलेले असंख्य हात. जेमतेम समोर पोचतो तोवर गार्ड पुढे सरका म्हणतो, फ्रेंचमध्ये म्हणतो पण कळतं, आणि संपला विषय. ती ज्या घरात राहते त्या घराबद्दल मात्र कुणीच काही विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मला चित्रांइतकाच, काही दालनांत चित्रांपेक्षा जास्तच, तो वाडा बघायचा होता.

राजवाड्यातलं म्युझियम म्हणजे माझ्या डोक्यात कोल्हापूरचा न्यू पॅलेस. पेंढा भरलेले वाघ, तलवारी, दरबार हॉल, आणि घराणं अजून त्याच वास्तूत राहतंय. तिथे राजा सतत आसपास असल्यासारखं वाटतं. लूव्रमध्ये उलट. तिथे राजा शोधावा लागतो, आणि शोधायला लागलं की लक्षात येतं की राजेसाहेब ह्या घरात कधी नीट रमलेच नाहीत. बांधलं प्रत्येकाने, पाडलंही प्रत्येकाने, पण पाय मात्र बाहेर. जाण्याआधी मी जे काय वाचत होते त्यात सगळीकडे "भव्य शाही निवास" वगैरे होतं, त्यामुळे ही गोष्ट मला तिथे गेल्यावरच जाणवली, आणि मग परत आल्यावर पुन्हा सगळं वाचून काढलं.

सुरुवात तळघरापासून करा असं मी कुणालाही सांगेन. बहुतेक लोक आत शिरायच्या काचेच्या पिरॅमिडखालून थेट वर पळतात, त्यामुळे सुली विंगच्या, म्हणजे वाड्याच्या पूर्वेकडच्या भागाच्या, खाली गर्दी अगदी कमी. ११९० च्या सुमाराला फिलिप ऑगस्टस ह्या राजाने पॅरिसच्या तटाला लागून किल्ला बांधला, मधोमध भलामोठा गोल बुरूज, भोवती खंदक. राहायला नाही, शहर राखायला. तो खंदक १९८० च्या दशकात खणून मोकळा केला आणि आता आपण चक्क त्याच्या तळातून चालत जातो, बाजूला आठशे वर्षांची दगडी भिंत. त्या दगडांवर जवळून बघितलं तर काही ठिकाणी छोटी बदामाच्या आकाराची खूण कोरलेली दिसते, पत्त्यांतला बदाम असतो ना, तसली. आपलं काम ओळखू यावं म्हणून पाथरवट अशा खुणा करून ठेवायचे. माझ्याबरोबर आलेली आई म्हणाली, "आपल्या गडावर असता तर त्यात बाण पण असता आणि खाली दोन नावं." आम्ही दोघी इतक्या जोरात हसलो की एका जपानी काकूंनी वळून बघितलं.

पुढे १५२८ मध्ये फ्रान्स्वा पहिला ह्याने तो बुरूज पाडला. हाच तो राजा ज्याने म्हाताऱ्या लिओनार्दोला फ्रान्सला बोलावून घेतलं, आणि त्याच्यामुळेच मोनालिसा फ्रेंच राजांच्या संग्रहात आली. ह्याने १५४६ मध्ये प्येर लेस्को नावाच्या वास्तुकाराला नवा वाडा बांधायचं काम दिलं आणि पुढच्याच वर्षी राजा गेला. मग त्याच्या सुनेने, कातरीन द मेदिचीने, थोडं पश्चिमेला स्वतःचा वेगळा वाडा काढला, ट्वीलरी. मग चौथ्या हेन्रीला वाटलं की दोन्ही वाडे जोडून टाकू, म्हणून सीन नदीच्या कडेने एक लांबच लांब गॅलरी बांधली, मूळची जवळपास ४६० मीटर. आज ग्रांद गॅलरी म्हणून आपण जिथे इटालियन चित्रं बघत चालतो ती हीच. एका घरातून दुसऱ्या घरात जायचा पॅसेज खरं तर! आणि ह्याच गॅलरीत गंडमाळा झालेल्या लोकांना ओळीने उभं करायचे, राजा येऊन एकेकाला हात लावायचा, राजाचा हात लागला की रोग बरा होतो अशी श्रद्धा. मला ते वाचल्यापासून तिथली रांग वेगळीच दिसायला लागली. आपणही रांगेतच आहोत, फक्त हात लावायला बंदी आहे.

चौदाव्या लुईने मात्र सुरुवात जोरात केली होती. १६६१ मध्ये आग लागून वाड्याचा एक भाग जळाला, तिथे चित्रकार शार्ल ल ब्रं ह्याच्याकडून अपोलो गॅलरी करून घ्यायला घेतली, कारण राजा म्हणजे सूर्य आणि अपोलो म्हणजे सूर्यदेव, सगळं सोनेरी, छतावर जागा मिळेल तिथे देव. पूर्वेला दुहेरी खांबांची ती प्रसिद्ध दर्शनी बाजूही उभी केली. आणि मग साहेबांचं मन पॅरिसबाहेरच्या व्हर्सायच्या वाड्यात गुंतलं. १६८२ मध्ये दरबार तिकडे हलला आणि इकडचं काम जिथल्या तिथे थांबलं. खांबांच्या त्या भागावर कित्येक दशकं धड छप्पर नव्हतं. अपोलो गॅलरीच्या छताची मधली जागा तर रिकामीच राहिली, ती शेवटी १८५१ मध्ये चित्रकार दलाक्र्वाने भरली, अजगराला मारणारा अपोलो. म्हणजे राजा जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षं उलटल्यावर, राजेशाहीचाच पत्ता नसताना, त्याचं छत पूर्ण झालं. मान दुखेपर्यंत मी ते बघत होते. खाली भिंतींवर विणलेली पोर्ट्रेट्स आहेत, आणि त्यात राजांच्या बरोबरीने वाडा बांधणारे वास्तुकार, चित्रकारही आहेत. हे मला फार आवडलं. आपल्याकडे गड कुणी जिंकला ते पाठ असतं, पण बांधला कुणी हे विचारलं तर हिरोजी इंदुलकर सोडून दुसरं नाव पटकन आठवत नाही.

आता खरी गंमत. घर रिकामं पडलं की तिथे कुणीतरी येऊन राहतंच.

चौथ्या हेन्रीने १६०८ मध्येच त्या लांब गॅलरीखालच्या जागा चित्रकार, सोनार, घड्याळजी असल्या कारागिरांना राहायला दिल्या होत्या. दरबार गेल्यावर मग मोकळं रानच मिळालं. अकादम्या आल्या, चित्रकार आले, शिल्पकार आले, त्यांची बायकापोरं, शिष्य, नोकरचाकर सगळे आले. उंच उंच दालनांत लाकडी पार्टिशनं घातली, पोटमाळे काढले, शेगड्यांच्या धुराड्या सरळ राजवाड्याच्या खिडक्यांतून बाहेर काढल्या. थोडक्यात राजवाड्याची चाळ झाली. आणि भाडेकरू कोण, तर चित्रकार फ्रागोनार, त्याची मेव्हणी मार्गरित जेरार जी स्वतः चांगली चित्रकार होती, दाव्हिद, ह्यूबेर रोबेर, आन व्हालायेर-कोस्तर. ह्या शेवटच्या बाईंना तर राणी मारी आंत्वानेतच्या शब्दावर १७८१ मध्ये इथे जागा मिळाली. कुणी कुणाच्या जिन्यात काय ठेवलं, कुणाच्या धुराचा त्रास कुणाला होतो ह्यावरून भांडणं झाली असणारच, मला त्यात शंका नाही.

ह्या बिऱ्हाडांपैकी एक चित्रकार शार्दँ. ह्याच्यासाठी मी सुलीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि गुडघे धरून आलेली आई पण आली. सुताराचा मुलगा, वडील राजासाठी बिलियर्डची टेबलं करायचे. १७२८ मध्ये राजाच्या चित्रकला अकादमीत घेतलं ते त्याने केलेल्या वस्तुचित्रांवर. त्या काळात देव, लढाया, राजे ही चित्रं वरच्या दर्जाची आणि भांडीकुंडी, फळं, मासे सगळ्यात खालच्या. १७५७ पासून तो ह्याच वाड्यात राहत होता आणि १७७९ मध्ये इथेच गेला. म्हणजे ज्या छपराखाली तो भाजी-भाकरीची चिंता करत होता त्याच छपराखाली आज त्याची चित्रं टांगलेली आहेत.

त्यातलं एक चित्र समोर आलं आणि आई थांबलीच. "अगं, पाकट आहे ही!"

होतीच पाकट, तो चपट्या अंगाचा मासा. मधोमध आकड्याला टांगलेली, पोट फाडलेलं, आतलं लालगुलाबी सगळं बाहेर. पाकटीला खालच्या अंगाला तोंड आणि नाकपुड्या असतात, त्यामुळे ती अशी उभी टांगली की माणसाचा चेहरा आपल्याकडे बघून कसनुसं हसतोय असं वाटतं, आणि शार्दँने नेमकी तीच बाजू आपल्याकडे केलीय. खाली दगडी फळीवर उघडलेली कालवं, त्यावर एक मांजर पाठ ताणून उभं, शेपटी वर, अंगावरचे केस फिस्कारलेले. दुसऱ्या बाजूला जग, तांब्याचं भांडं, झारा, चुरगळलेलं पांढरं फडकं, आणि एक सुरी अशी ठेवलेली की मूठ कडेच्या बाहेर आलीय, हात लावला तर खाली पडेल. आई मालवणची. तिने पाच मिनिटं ते चित्र ज्या गांभीर्याने बघितलं तेवढं तिने अख्ख्या लूव्रमध्ये दुसरं काही बघितलं नाही. मग निकाल दिला, "मांजराला वर चढू दिलंय म्हणजे घरात कुणाचं लक्ष नाही. आणि पाकट अशी टांगून नाही ठेवायची, वास मारायला लागते. पण ओली दिसतेय बघ, ताजीच आहे."

तीनशे वर्षं झाली तरी ताजीच आहे! कलेचा इतिहास शिकवणारे लोक ह्या चित्राबद्दल पानंच्या पानं लिहितात, पण ओली दिसतेय ह्यापलीकडे मला तरी काही सुचलं नाही. जवळ गेलं की कळतं, ते ओलेपण म्हणजे पांढऱ्या रंगाचे जाड फटकारे आहेत, चार पावलं मागे आलं की परत मांस. बाजूच्या दालनांमध्ये राजांची मखमली झुलीतली पोर्ट्रेट्स होती, ती आम्ही चालता चालता बघितली. राजाच्या वाड्यात मला राजाचा चेहरा आठवत नाही, पाकटीचा आठवतो.

ह्याच शार्दँकडे आणखी एक काम होतं. १७२५ पासून अकादमीचं प्रदर्शन वाड्यातल्या चौकोनी दालनात भरायला लागलं, सालों कारे, आणि पुढे त्यात चित्रं कुठली कुठे लावायची हे तो बघायचा. चित्रं जमिनीजवळून थेट छतापर्यंत एकाला एक चिकटून असायची, त्यामुळे कुणाचं डोळ्यासमोर आणि कुणाचं वर अंधारात ह्यावरून किती रुसवेफुगवे झाले असतील. तिकीट नव्हतं, कुणीही यावं, न्हावी, मोलकरीण, सरदार सगळे एकाच गर्दीत. मला वाटतं लूव्रचं म्युझियम खरं तिथे सुरू झालं. फ्रेंच क्रांतीनंतर १० ऑगस्ट १७९३ ला, राजेशाही कोसळल्याच्या पहिल्या वाढदिवशी, ते रीतसर उघडलं आणि त्याचं श्रेय क्रांतीला जातं, जायलाही हवं. पण घरात चित्रकार आधीपासून होते, लोकांना चित्रं बघायला यायची सवयही त्यांनीच लावली होती.

ह्यूबेर रोबेरचं तर फारच अजब. राजाच्या काळात ह्याला होणाऱ्या म्युझियमच्या चित्रांचा सांभाळ करायला नेमला, क्रांतीत तो तुरुंगात गेला, सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने ग्रांद गॅलरीची दोन चित्रं केली. एकात छताला काचा बसवून वरून उजेड आलाय, लोक आरामात चित्रं बघतायत. हे नुसतं स्वप्न नव्हतं, कामाची सूचना होती, कारण वाड्याच्या खिडक्या राहणाऱ्यांच्या सोयीच्या असतात, बाजूने ऊन आलं की वार्निश चकाकतं आणि चित्र दिसतच नाही. पुढे गॅलरीला खरंच वरून उजेड दिला गेला. आणि दुसऱ्या चित्रात तीच गॅलरी पडीक, छप्पर कोसळलंय, गवत उगवलंय, आणि एक माणूस मोडक्या दगडांत बसून अपोलोच्या पुतळ्याचं चित्र काढतोय. नुकतंच उघडलेलं म्युझियम, आणि त्यात राहणारा माणूस त्याचं भग्न रूप रंगवतो. दोन्ही चित्रं आज लूव्रमध्येच आहेत.

हे सगळे भाडेकरू शेवटी नेपोलियनने १८०६ पर्यंत बाहेर काढले. शेगड्यांची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, कारण तोवर आत इटलीतून उचलून आणलेला माल भरला होता. त्यातला सगळ्यात मोठा नग मोनालिसाच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर आहे आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं "काना गावचं लग्न", जवळपास पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. व्हेनिसच्या एका मठात, जेवणघराच्या भिंतीसाठी १५६३ मध्ये पुरं केलेलं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या लोकांनी ते कापून तुकडे करून पॅरिसला आणलं. १८१५ मध्ये हरल्यावर बरीच लूट परत गेली, पण हे चित्र हलवलं तर मोडेल म्हणून राहिलं आणि व्हेनिसला बदली म्हणून ल ब्रंचं एक चित्र दिलं. आणि मग दुसऱ्या महायुद्धात हेच न हलणारं चित्र गुंडाळून सुरक्षित जागी हलवलंच की! तेव्हा नाही मोडलं ते? मठात आता २००७ पासून त्याची हुबेहूब प्रत आहे. लंडनमध्ये आपल्या वस्तू बघून आपला जीव जसा जळतो तसा व्हेनिसवाल्यांचा इथे जळत असणार. चित्र मात्र बघाच. लग्नाच्या पंगतीत दारू संपलीय, वाढपी पळतायत, वर कुणीतरी मटण तोडतंय, आणि येशू मध्यभागी असूनही शंभरेक माणसांच्या गडबडीत शोधावा लागतो.

नंतरचं मी भराभर सांगते, कारण तिसऱ्या नेपोलियनच्या काळातली दालनं बघून माझे डोळे दमले. लाल मखमल, झुंबरं, सोनं, परत सोनं. गंमत अशी की हे सगळं थाटलं ते मंत्र्यासाठी. पुढे १८७१ च्या कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या उठावात, ट्वीलरीचा वाडा जळाला, अर्थखात्याची जागाही जळाली, म्हणून अर्थखातं लूव्रच्या त्या विंगमध्ये आलं. आणि सरकारी खातं एकदा जागेत शिरलं की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. ते १९८९ पर्यंत हललं नाही! आज जिथे काचेच्या छताखाली संगमरवरी घोडे उभे आहेत त्या चौकात साहेबांच्या गाड्या लागायच्या. राष्ट्राध्यक्ष मितराँने त्यांना बाहेर काढलं आणि मधल्या मोठ्या चौकात वास्तुकार आय. एम. पेईचा काचेचा पिरॅमिड उभा केला, त्यावरून पॅरिसमध्ये प्रचंड बोंबाबोंब झाली. मला विचाराल तर पिरॅमिड ठीक आहे, खालचा हॉल मात्र उन्हाळ्यात भट्टी होते.

आम्ही येऊन काही महिने होतायत तोवर ती बातमी आली. १९ ऑक्टोबर २०२५, रविवारी सकाळी, नदीच्या बाजूने सामान चढवायची लिफ्ट लावून चोर अपोलो गॅलरीच्या बाल्कनीत चढले, खिडकी कापली आणि राजघराण्याचे आठ दागिने घेऊन आठेक मिनिटांत पसार. किंमत ८८ मिलियन युरोच्या आसपास. आई फोनवर म्हणाली, "ती मान दुखली ती खोली ना?" तीच. राजाने नदीची हवा खायला ठेवलेली बाल्कनी, तिच्यासमोर रस्ता. वाड्याचं म्युझियम केलं की हे असलं पदरात येतंच, वाडा दिसण्यासाठी बांधलेला असतो.

आणि आता तिकीटही वाढलंय. आम्ही गेलो तेव्हा २२ युरो होतं, २०२६ च्या जानेवारीपासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांना ३२. आपल्या ग्रुपवर लोक चिडले, हा वर्णद्वेष वगैरे. अहो, अजिंठ्याला आपण परदेशी माणसाकडून ६०० रुपये घेतो आणि स्वतः ४० देतो, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मला दर जास्त वाटतो, पण ओरडायचा हक्क आपल्याला फारसा नाही.

ह्या वाढीव पैशातून काही दुरुस्त्या व्हायच्यात, छतं गळतात, पाइप जुने झालेत. शिवाय मोठा प्लॅन असा जाहीर झालाय की पूर्वेच्या बाजूने, म्हणजे चौदाव्या लुईने बिनछपराची सोडून दिली होती त्या खांबांकडून, नवीन दार होणार, आणि मोनालिसाला स्वतंत्र खोली मिळणार, तिचं तिकीटही वेगळं. प्लॅनवर टीका भरपूर होतेय, खर्च बघता ती बरोबरही असेल. पण माझं मत विचाराल तर बाईंना खुशाल पाठवा तिकडे. मग निदान व्हेरोनेझेच्या पंगतीकडे लोक तोंड करून उभे राहतील, आणि आईला तिथे बसायला एखादा बाक तरी मिळेल.